कोक्ल्यायेव ऑलिम्पिकला गेला नाही, म्हणजे तो फेल वेटलिफ्टर होता का?

तुम्ही विचारलंय की मिखाइल कोक्ल्यायेव एवढा ताकदवान होता तर ऑलिम्पिकला का दिसला नाही, आणि फेल वेटलिफ्टरच पुढे स्ट्राँगमन (लॉग, दगड असली ओझी उचलायच्या स्पर्धा करणारे) होतात का. इतर उत्तरं वाचून गप्प बसणार होतो, पण हा ‘फेल’ शब्द मला लागतो.

रशियातल्या चेल्याबिन्स्कचा माणूस, जन्म १९७८, आधी वेटलिफ्टर, मग स्ट्राँगमन. रशियाचा राष्ट्रीय विजेता, तोही एकदा नव्हे, अनेकदा. स्नॅच (एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर) २१० किलो, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) २५०. आता बीजिंग ऑलिम्पिक २००८ काढून बघा. १०५ किलोच्या वरच्या गटात जर्मनीच्या स्टाइनरला दोन्ही लिफ्ट मिळून ४६१ वर सुवर्ण, रशियाच्या चिगिशेव्हला ४६० वर रौप्य. चिगिशेव्हच्या लिफ्ट किती? २१० आणि २५०. तेच आकडे! (पुढे २०१६ साली उत्तेजक चाचणीचे जुने नमुने परत तपासले आणि ते रौप्य काढून घेतलं, तो भाग वेगळा.) कोक्ल्यायेवच्या दोन्ही लिफ्ट एकाच दिवशी झाल्या असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात असे आकडे काढणारी भावंडं आहेत तिथं मागे राहणं म्हणजे फेल होणं नव्हे.

आमचे वेटलिफ्टिंगचे सर मात्र फेलच म्हणायचे. त्याला नाही, मला.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत माझ्या तिन्ही जर्क गेल्या. तिसरी तर डोक्यावर जाऊन मागे पडली. मग नोकरी लागली, प्लॅटफॉर्म सुटला. दोनेक वर्षांनी कोक्ल्यायेवचे व्हिडिओ बघून एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड लोखंडी पाइपचा लॉग (स्ट्राँगमनमध्ये उचलायचा ओंडका) करून घेतला, आत आडवे हँडल वेल्ड करून. रिकामाच ऐंशी किलो. मी १३५ जर्क केलेला माणूस, म्हटलं ऐंशी म्हणजे वॉर्मअप. बारबेलसारखा सरळ ओढला तो दाणकन हनुवटीवर. दात वाचले. लॉग अंगाजवळून वर येतच नाही हो, मधे त्याचंच पोट येतं. आधी मांडीवर बसवायचा, मग छातीवर लोळवत न्यायचा, आणि छातीवर आला की श्वास कोंडतो. मनगटाला बारबेलची जी सवय लागलेली असते ती इथं उपयोगी नाही, हात समोरासमोर धरलेले. कामी आली ती फक्त पायांची उसळी आणि वेळेवर खाली जायची सवय. कोक्ल्यायेव डोक्यावरच्या लिफ्टमध्ये एवढा सहज का दिसतो ते त्या दिवशी कळलं.

सर बघायला आले. पाइपला पायानं ढोसलं आणि म्हणाले, “हमाली करायला पाच वर्षं शिकवलं काय तुला?” मी मोबाइलवर २०१० ची वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन ही स्पर्धा दाखवली. दक्षिण आफ्रिकेतलं सन सिटी, साविकस पहिला, ब्रायन शॉ दुसरा (दोघांचे गुण सारखेच होते), कोक्ल्यायेव तिसरा. सर म्हणाले, “चांगला लिफ्टर वाया गेला.” आणि हे कोण बोलतंय? तर ज्यांच्या गावच्या तालमीत दगडी नाल अजून कोपऱ्यात आहे आणि आजोबांनी तो उचलल्याचं जे दर जत्रेला सांगतात ते!

तर स्ट्राँगमनला जायचं असेल तर जा, कुणाला विचारू नका. फक्त स्नॅच-जर्क पक्के असतील तरच, नाहीतर कंबर जाईल. शिवाय योक (खांद्यावरची जड चौकट) घेऊन चालणं आणि गोल दगड उचलणं प्लॅटफॉर्मवर कुणी शिकवत नाही, ते शून्यापासून. ‘माझी ताकद सगळीकडे चालेल’ हेही डोक्यातून काढा. कोक्ल्यायेवच २०१९ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर येमेल्यानेन्कोसमोर बॉक्सिंगला उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत आडवा झाला. आणि उत्तेजक औषधांबद्दल मला विचारू नका, दोन्ही खेळांत मी त्या पायरीपर्यंत गेलोच नाही.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला होता. त्यांच्या नव्या पोरांना तसा पाइप करून हवाय, फॅब्रिकेशनवाल्याचा नंबर दे म्हणाले. शोधतो म्हटलंय.