वाचकांचे प्रश्न : खरेदीदाराचा कुरिअर आणि विक्रेत्याचा पुरावा

प्रश्न : मी घरातील वापरलेल्या, पण चांगल्या स्थितीतील वस्तू ऑनलाइन विकते. सध्या एक कॅमेरा आणि त्याच्या दोन लेन्स विक्रीस ठेवल्या आहेत. एका खरेदीदाराने घासाघीस न करता किंमत मान्य केली. मात्र ‘मी प्रवासात आहे, पैसे आधी पाठवतो, माझा कुरिअर येऊन सामान घेऊन जाईल’ असे त्याने कळवले आहे. पैसे आधी मिळणार असतील तर मला काय धोका आहे? माणूस खरा असेल तर नकार देऊन गिऱ्हाईक गमवावेसे वाटत नाही.

उत्तर : स्वतःचा कुरिअर पाठवणारा प्रत्येक खरेदीदार लबाड असतो असे मुळीच नाही. कोणाचे कुरिअर कंपनीत व्यवसायाचे खाते असते आणि तेथे त्याला दर कमी पडतो, कोणाला चार विक्रेत्यांकडून घेतलेले सामान एकाच फेरीत उचलायचे असते, तर नाजूक वस्तू घेणाऱ्यांचा विश्वासाचा वाहतूकदार ठरलेला असतो. त्यामुळे सरसकट नकार द्यावा असे मी म्हणणार नाही. मात्र या एका बदलाने आपल्या हातातून नेमके काय निघून जाते, ते आधी समजून घ्यावे.

नेहमीच्या विक्रीत कुरिअरचे पैसे आपण भरता, म्हणजे त्या कंपनीच्या ग्राहक आपण असता. पावती आपल्याजवळ राहते, ट्रॅकिंग नंबर आपल्या नोंदणीवर असतो, आणि पार्सल हरवले तर तक्रार व विम्याचा दावा आपल्याला करता येतो. खरेदीदाराने कुरिअर ठरवला की हे सारे त्याच्याकडे जाते. पार्सल वाटेत असताना तो पत्ता बदलून घेऊ शकतो. आपण चौकशीसाठी फोन केला, तर खाते आपल्या नावावर नसल्यामुळे माहिती देता येत नाही असे सांगितले जाते, आणि कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरही असते. वस्तू आपल्या घरातून गेली, पण ती कोठे पोचली हे सांगणारा कागद ज्याच्याशी वाद होण्याची शक्यता आहे त्याच्याच ताब्यात राहिला, असा हा प्रकार आहे.

‘पैसे आधी मिळणार’ या वाक्यावर आपण भिस्त ठेवली आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पैसे खात्यात दिसणे आणि पैसे कायमचे आपले होणे यांत अंतर आहे. कार्डाने केलेला खर्च नाकारून बँकेकडून रक्कम परत मागण्याची सोय कार्डधारकाला असते. तिला चार्जबॅक म्हणतात, आणि बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी तिची मुदत १२० दिवसांपर्यंत असते. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद दाखल करता येतो. म्हणजे कॅमेरा जाऊन चार-पाच महिने झाल्यावरही ‘वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार येऊ शकते, आणि तेव्हा पोचल्याचा पुरावा आपल्याकडेच मागितला जातो. पेपॅलचे विक्रेता-संरक्षण, म्हणजे अशा वादात विक्रेत्याची रक्कम वाचवणारी सोय, हवी असेल, तर व्यवहाराच्या तपशिलात दिलेल्या पत्त्यावरच पार्सल पाठवावे लागते. खरेदीदाराच्या कुरिअरने ते भलतीकडे नेले की ही अट मोडते आणि संरक्षण संपते. पत्ता फिरवता यावा म्हणून स्वतःचे कुरिअर खाते वापरण्याचा आग्रह धरणे ही फसवणुकीची ओळखीची पद्धत आहे, असा इशारा पेपॅलने स्वतःच विक्रेत्यांना दिलेला आहे.

यावरून पहिला नियम निघतो. कुरिअर खरेदीदाराचा असेल, तर पैसे अशा मार्गाने घ्यावेत की जे एकतर्फी मागे घेता येत नाहीत. आपल्या बँक खात्यात थेट जमा झालेली रक्कम हा त्यातल्या त्यात भक्कम मार्ग आहे. चेक मात्र घेऊ नये, कारण खात्यात जमा दिसल्यावर कित्येक दिवसांनीही तो खोटा निघू शकतो. आणि जमा झाली की नाही ते आपण स्वतः बँकेचे ॲप उघडून पाहावे. खरेदीदाराने पाठवलेला स्क्रीनशॉट किंवा बँकेच्या नावाने आलेला ईमेल हा पुरावा नव्हे. ‘रक्कम आमच्याकडे रोखून ठेवली आहे, ट्रॅकिंग नंबर कळवताच ती आपल्या खात्यात सोडली जाईल’ असा मजकूर आला, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. असे ईमेल बनावट असतात.

याच वळणाचे आणखी दोन प्रकार आहेत. एकात खरेदीदार ठरल्यापेक्षा जास्त रक्कम ‘पाठवतो’ आणि वरची रक्कम कुरिअरच्या एजंटाला द्यायला सांगतो. एजंटाला दिलेले पैसे खरे असतात, आलेले पैसे खोटे किंवा चोरीच्या कार्डाचे असतात, आणि काही दिवसांनी आलेली रक्कम उलटवली जाते. दुसऱ्या प्रकारात कुरिअर कंपनीच्या नावाची लिंक येते आणि ‘पैसे स्वीकारण्यासाठी’ कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा पिन भरायला सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी यांतले काहीही लागत नाही. ही माहिती पैसे देताना लागते. हे वाचताना साधे वाटते, पण गिऱ्हाईक हातचे जाईल या घाईत शहाणी माणसेही येथे चुकली आहेत, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

आता प्रत्यक्ष ताबा देण्याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी एक जुना रेडिओ विकला होता. खरेदीदाराने पाठवलेला माणूस संध्याकाळी आला, त्याने खरेदीदाराचे नाव बरोबर सांगितले, आणि मी पेटी त्याच्या हाती दिली. त्याने पावती दिली नाही आणि मीही मागितली नाही. तीन आठवड्यांनी पार्सल मिळाले नसल्याची तक्रार आली. तो माणूस कोणत्या कंपनीचा होता हेदेखील मला सांगता आले नाही, आणि पूर्ण रक्कम परत गेली. खरेदीदार खोटे बोलत होता की पेटी वाटेत खरोखरच हरवली, हे मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून दारात आलेल्या कोणालाही मी कागदाशिवाय वस्तू दिलेली नाही.

आपण असे करावे. कुरिअर येण्याआधी खरेदीदाराकडून लेखी घ्यावे, आणि तेही ज्या विक्रीच्या ॲपवर व्यवहार ठरला तेथील संदेशांतच : कुरिअर कंपनीचे नाव, पिकअपचा क्रमांक, येण्याची तारीख, आणि ‘कुरिअर मी नेमला आहे, वस्तू त्याच्या ताब्यात दिली की मला मिळाली असे धरावे, पुढील जबाबदारी माझी’ हे वाक्य. हे वाक्य लिहून देण्यास जो खळखळ करतो, त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा. बोलणे ॲपबाहेर नेऊ नये, कारण वाद झाल्यास ॲपवाले त्या ॲपवरील संदेश पाहतात, बाहेरचे नाही. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर वस्तू प्रत्यक्ष येऊन नेण्याच्या व्यवहारात खरेदीदाराला क्यूआर कोड आणि सहा अंकी कोड मिळतो; वस्तू देताना विक्रेत्याने तो नोंदवला की ताबा दिल्याची नोंद होते. अशी सोय असेल तर कुरिअरच्या माणसाजवळ तो कोड असल्याखेरीज पेटी सोडू नये.

पॅकिंग करताना सलग व्हिडिओ घ्यावा. कॅमेऱ्याच्या तळाशी आणि लेन्सच्या कड्यावर जो अनुक्रमांक कोरलेला असतो, तो स्पष्ट वाचता येईल इतका जवळून घ्यावा. मग वस्तू पेटीत जाताना, पेटी चिकटपट्टीने बंद होताना आणि वजनकाट्यावर ठेवलेली दिसावी, आणि मध्ये कोठेही चित्रण थांबवू नये. वजनाला महत्त्व आहे. कुरिअरच्या पावतीवर तेच वजन नोंदले गेले, तर ‘पेटी रिकामी निघाली’ किंवा ‘आत वीट होती’ या तक्रारीला उत्तर देता येते. अनुक्रमांकाचा उपयोग पुढे होतो : कोणी वस्तू परत पाठवलीच, तर आपलाच कॅमेरा परत आला की दुसऱ्याचा बिघडलेला, हे तो क्रमांक सांगतो. माणूस आल्यावर त्याचे ओळखपत्र पाहावे, पिकअपचा क्रमांक त्याच्याकडून वदवून घ्यावा (आपण आधी सांगू नये), आणि तारीख, वेळ, वजन व सही असलेली पावती घ्यावी. छापील पावती नसेल तर साध्या कागदावर लिहून सही घ्यावी. त्या कागदाचा फोटो लगेच खरेदीदाराला पाठवून ‘सामान ताब्यात दिले’ असे कळवावे.

प्रश्न : खरेदीदार स्वतः पैसे भरून तयार लेबल ईमेलने पाठवतो आणि ‘फक्त छापून चिकटवा व कुरिअरच्या केंद्रात द्या’ म्हणतो. माझा खर्च वाचतो. यात काही गैर आहे का?

उत्तर : खर्च वाचतो, पण पार्सल कोठे जाईल हे ठरवण्याचा अधिकार जातो. लेबलवर छापलेला पत्ता माणसांसाठी असतो. यंत्र बारकोड वाचते. बारकोडमधील नोंद वेगळी असू शकते, किंवा पत्ता नंतर बदलला जाऊ शकतो. लेबल चोरीच्या कार्डाने घेतलेले निघाल्यास पार्सल मध्येच अडकते.

त्याहून गंभीर बाब अशी की लेबलवर ‘पाठवणारा’ म्हणून आपले नाव असते. आतील मालाचे वर्णन आणि किंमत खरेदीदाराने भरलेली असते, पण ती खोटी असेल तर विचारणा आपल्याकडे येऊ शकते. परदेशी जाणाऱ्या पार्सलमध्ये जकात वाचवण्यासाठी किंमत कमी लिहिली जाते, किंवा विक्री असताना ‘भेटवस्तू’ लिहिले जाते. अशा कागदावर आपले नाव राहू देऊ नये. वस्तूत लिथियम बॅटरी असेल तर विमानाने पाठवताना ती जाहीर करावी लागते. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत, फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये ती असते, आणि लेबल तयार करणाऱ्याने तो रकाना रिकामा ठेवलेला असू शकतो.

माझा सल्ला असा की ‘कुरिअरचा खर्च आपण द्या, पण पार्सल मी माझ्या खात्यावरून पाठवतो’ असे उत्तर द्यावे. खऱ्या खरेदीदाराला यात अडचण येण्याचे कारण क्वचितच असते. अडचण आलीच आणि त्याचेच लेबल वापरायचे ठरले, तर लेबलवरील ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून गावाचे नाव जुळते का ते पाहावे आणि केंद्रात पार्सल स्वीकारल्याची शिक्का असलेली पावती घ्यावी. पैशांबाबतचे आणि लेखी संमतीचे जे नियम वर सांगितले, ते येथेही पाळावे लागतात.

प्रश्न : माझा छोटा व्यवसाय आहे. ग्राहकांनी नेमलेल्या कुरिअरने माल नेला आणि वाटेत फुटला, तर कायद्याने भरपाई कोणी द्यायची? परदेशी व्यापारी माल नेतात तेव्हा काय लिहून घ्यावे?

उत्तर : नियम देशानुसार बदलतात, पण एक तत्त्व अनेक ठिकाणी सारखे दिसते. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक-हक्क निर्देशातील कलम २० आणि ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक-हक्क कायद्यातील कलम २९ यांनुसार व्यावसायिकाने विकलेला माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. मात्र वाहतूकदार ग्राहकाने नेमलेला असेल आणि तो पर्याय विक्रेत्याने सुचवलेला नसेल, तर माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम ग्राहकाकडे जाते.

यातील ‘विक्रेत्याने सुचवलेला नसेल’ हे शब्द पुन्हा वाचावेत. ग्राहक सहज विचारतो, ‘कोणता कुरिअर बरा?’ आणि आपण मदत म्हणून एक नाव सांगतो. त्या एका नावामुळे जोखीम पुन्हा आपल्याकडे आली असा युक्तिवाद उद्या होऊ शकतो. कुरिअर ग्राहकाचा असेल तर निवडही त्यालाच करू द्यावी, आणि आपल्या जाहिरातीत कोणत्याही कंपनीचे नाव घालू नये. पॅकिंगची जबाबदारी मात्र आपलीच राहते; कच्च्या पॅकिंगमुळे माल फुटला तर वाहतूकदार कोणाचा होता याने आपला बचाव होत नाही.

व्यापाऱ्यांमधील परदेशी व्यवहारांसाठी पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या ‘इन्कोटर्म्स’ या संज्ञा वापरल्या जातात; वाहतुकीचे काम, खर्च आणि जोखीम कोठपर्यंत कोणाची हे त्या ठरवतात. त्या प्रथम १९३६ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि २०२० च्या आवृत्तीत अशा ११ संज्ञा आहेत. खरेदीदार स्वतःची वाहतूक आणतो तेव्हा पुष्कळ विक्रेते ‘एक्स वर्क्स’ ही संज्ञा लिहितात, कारण तिच्यात विक्रेत्याचे काम सर्वांत कमी असते : आपल्या जागेत माल तयार ठेवला की झाले. पण तिच्यात निर्यातीची कागदपत्रे करणे खरेदीदाराकडे जाते, आणि माल देशाबाहेर गेल्याचा जो पुरावा करासाठी आपल्यालाच लागतो, तो मिळवण्यासाठी आपण त्याच्या वाहतूकदारावर अवलंबून राहता. म्हणून मी ‘एफसीए’, म्हणजे ‘फ्री कॅरिअर’, ही संज्ञा सुचवीन. ठिकाण आपले गोदाम ठरले असेल, तर खरेदीदाराच्या वाहनात माल चढवताच जोखीम त्याच्याकडे जाते; निर्यातीचे कागद मात्र आपण करता आणि ते आपल्या हाती राहतात. बिलावर नुसते ‘एफसीए’ लिहून थांबू नये. त्यापुढे गोदामाचा पूर्ण पत्ता आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ हे शब्द लिहावेत, आणि माल चढवल्यावर वाहनाचा क्रमांक व पेट्यांची संख्या लिहिलेल्या पावतीवर चालकाची सही घ्यावी.