कोल्हापुरात बंद शेडमध्ये मोटरहोम उभी आहे. डिझेल हीटरचा धूर बाहेर कसा काढू?

आधी गाडीच बाहेर काढता येते का बघा. तसंही आपल्याकडच्या थंडीला शेडमध्ये घोंगडं पुरतं! शटर अर्धं उघडं ठेवून भागत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूला ना रंग, ना वास. त्यामुळे ‘धूर जाणवत नाही’ याला काही अर्थ नाही.

हीटर लावायचाच असेल तर स्टेनलेस स्टीलचा पाइप भिंतीतून थेट बाहेर न्या. पीव्हीसी अजिबात नको, वितळेल. उद्यमनगरात फॅब्रिकेटरकडून सांधे घट्ट करून घ्या. पाइपची लांबी हीटरच्या पुस्तिकेत दिली असेल त्याहून वाढवू नका आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर आत पाणी साचतं. ज्वलनाची हवाही बाहेरूनच, पण धुराच्या तोंडापासून लांबून घ्या. झोपायच्या जागी सीओ अलार्म हवाच.