“कुठं आहेस?” विचारणारा फोन

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पोरानं नुकतीच गाडी हातात घेतलेली असते, तालुक्याला येणं-जाणं सुरू झालेलं असतं, आणि घरी आईबापाचा जीव थाऱ्यावर नसतो. “त्याला गाडी द्यावी की नाही?” असं विचारत येतात. खरं तर गाडी देऊन झालेली असते. मागायला आलेले असतात ते आपल्या झोपेचं औषध.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे हे भाऊ तसेच आले. सहा एकर कोरडवाहू, एकुलता एक मुलगा, वय एकोणीस. आयटीआय बावीस किलोमीटरवर. संध्याकाळची एसटी सोयीची नाही म्हणून जुनी मोटारसायकल घेऊन दिली. लायसन्स काढलेलं. पोरगा सोबतच होता, मान खाली घालून.

“मॅडम, थो निघाला का माह्या पोटात गोळा येते. घरी येईपर्यंत घास गिळत नाही मले.”

भीती खोटी नव्हती. मागच्या हंगामात त्यांच्याच गावच्या एका तरुणानं अंधारात उभ्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, धडक दिली होती. बंडीला मागे ना लाल रिफ्लेक्टर, ना कंदील. पायात रॉड घातला, वर्ष गेलं. अशा माणसाला “काळजी करू नका” म्हणणं म्हणजे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवणं. मी ते कधीच म्हणत नाही.

“मग तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“फोन करतो ना. कुठं आहेस म्हनून.”

मी पोराला फोन टेबलावर ठेवायला सांगितला. आदल्या दिवसाची यादी उघडली. तो आयटीआयमधून पाच वीसला निघाला होता. पाच चाळीस ते सहा या वेळात बापाचे चार फोन, आईचे दोन. त्यातला एक उचललेला, एक्केचाळीस सेकंद.

“हा कुठं उचलला?”

पोरगा बापाकडं न बघता म्हणाला, “कॅनॉलच्या वळनावर. नाही उचलला तं बाबा पुन्हा करते. मंग आई करते. मले वाटते घरी काही झालं का काय. म्हनून उचललो.”

मी कागदावर गणित मांडलं. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण चौदा मीटर जाते. एक्केचाळीस सेकंदांत अर्ध्या किलोमीटरच्या वर. एक हात हँडलवर, एक कानाला, आणि सूर्य बुडालेला. भाऊ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे मीच.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अशा वेळी समुपदेशकानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवावा, एवढंच.

नंतर पोराला विचारलं, गाडी शिकला कुठं? पांदणीत, चुलतभावाच्या मागं बसून. आणि परीक्षा? तालुक्याच्या कॅम्पात आठचा आकडा काढला. आठच्या आकड्यात रोही (नीलगाय) आडवी येत नाही, रानडुकरं येत नाहीत, समोरून अप्पर मारत ट्रॅक्टर येत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि निदान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. ते तीस दिवस शिकायला दिलेले असतात, आपल्याकडं ते तारखेची वाट बघण्यात जातात. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो, म्हणून तो पुढचा ब्रेक कधीच लावत नव्हता. खरं तर कोरड्या डांबरावर गाडी थांबते ती मुख्यतः पुढच्या ब्रेकनं, दोन्ही एकदम, हलके हलके वाढवत दाबायचे. ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणलेली असेल आणि वरून शिंतोडा पडला असेल, तर मात्र ब्रेकआधीच वेग उतरलेला हवा. हे कुणी शिकवलंच नव्हतं. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं.

(मुलगा अठराच्या आतला असेल, तर माझं उत्तर वेगळं आणि छोटं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. तिथं समुपदेशन लागत नाही, किल्ली लपवावी.)

भाऊंना मी औषध दिलं ते असं: आठ दिवस रोज संध्याकाळी पोराच्या मागं बसायचं. काही शिकवायचं नाही. पोरानं मात्र जे दिसतं ते मोठ्यानं बोलायचं. आणि एकटा जाईल तेव्हा निघताना एक मिस कॉल, पोचल्यावर एक. मधे फोन दप्तरात, डब्याच्या खाली. अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला तर फाट्यावरच्या पानठेल्यावाल्याला विचारायचं, पोराला नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चौथ्या दिवशी पोरगा एकटा होता, भाऊंनी तीनदा फोन लावलाच. पोरानं नियम पाळला, उचलला नाही, आणि घरी आल्यावर त्यावरूनच भांडण. दुसऱ्या भेटीत दोघं तोंड फिरवून बसले. मी पोराची बाजू घेतली, हे कबूल करते. शिकवलेलं त्यानं पाळलं होतं.

पण मागं बसण्याचं काम झालं. भाऊ सांगत होते, “बोलत चालते ना थो. डावीकडं बकऱ्या. समोर बंडी, उजेड नाही. पांदणीतून कोनी येऊन राह्यलं. मॅडम, थ्या बंडीवर माही नजर गेलीच नव्हती, त्याले आधी दिसली.” हे सांगताना आवाजातला गोळा उतरला होता. धीर दिल्यानं जी भीती हलत नव्हती, ती पोराचे डोळे काम करतात हे कानांनी ऐकल्यावर हलली. समोरून अप्पर आला तर आपला दिवा डिपरवर घेऊन, नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवून वेग कमी करायचा, हेही पोरगा आता बापाला सांगतो म्हणे.

महिन्यानं भाऊंचाच फोन आला. खुशाली सांगत होते, पण मागून वाऱ्याचा फडफडाट.

“भाऊ, कुठून बोलता?”

“गाडीवर आहो ना मॅडम, शेतातून येऊन राह्यलो...”

मी फोन कापला. पाच मिनिटांनी परत आला. “आता बाभळीखाली उभा आहो. बोला.”