सिम्युलेशनशी उत्तर जुळतं, मग गृहीतकं वेगळी का तपासायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रावेरकडच्या केळीबागेतले ठिबकचे वाय-फाय सेन्सर, बियांकीच्या 2000 सालच्या मॉडेलने (एकच वाय-फाय चॅनल अनेकांनी वापरण्याचं गणित) काढलेला थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला पोचणारा डेटा, सिम्युलेशनशी जुळतोय, तरी गाइड म्हणतात गृहीतकं तपासा.

गाइड बरोबर सांगतात. चॅनल स्वच्छ आहे, प्रत्येक नोडला (जाळ्यातल्या उपकरणाला) बाकीचे सगळे ऐकू येतात, हे सिम्युलेटरनेही बहुधा गृहीतच धरलेलं असतं. त्या बाबतीत दोघांचं जुळलं म्हणून काही सिद्ध होत नाही.

शिवाय हे मॉडेल प्रत्येक नोडकडे पाठवायला कायम काहीतरी असतंच असं मानतं. ठिबकचा सेन्सर एक आकडा पाठवून कितीतरी वेळ गप्प बसतो. हे गृहीतक बागेत न जाताच कोसळलं!

आता मुख्य गृहीतक: टक्कर (दोन नोडांनी एकदम पाठवणं) होण्याची शक्यता बॅकऑफच्या प्रत्येक पायरीवर सारखीच. बॅकऑफ म्हणजे पाठवण्याआधी थांबणं; प्रयत्न फसला की पुढची, जास्त थांबण्याची पायरी. अथेरॉसचं कार्ड आणि लिनक्सचा खुला ड्रायव्हर घ्या, फ्रेम (डेटाचा एक तुकडा) कितव्या प्रयत्नात गेली ते कळतं. वेग एकच ठेवा, नाहीतर पुन्हा पाठवताना कार्ड तो बदलतं. मग पायरीवार मोजा: प्रयत्न किती, फुकट किती. वरच्या पायऱ्यांवर नमुने फार कमी मिळतात, त्यामुळे विश्वासमर्यादा (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) न दाखवता निष्कर्ष काढू नका.

पण पोचपावती आली नाही म्हणजे टक्करच झाली असं नाही. ओली पानं 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच खातात, आणि मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) वाढलेली असेल तर विचारूच नका. म्हणून आधी एकच नोड चालवा, बाकी बंद. तेव्हाचं नुकसान चॅनलचं, टकरीचं नव्हे. तो आकडा हाताशी असल्याशिवाय पुढची मोजणी व्यर्थ.

मागच्यांचा डेटा पुढे ढकलणाऱ्या नोडांकडे जास्त लक्ष द्या. फ्रेम गेल्यावर रांगेत दुसरी असण्याची शक्यता पायरीवर अवलंबून नाही, असं अनेक सुधारित मॉडेल मानतात. 802.11बी या वाय-फायच्या जुन्या प्रकारात पहिल्या पायरीला सरासरी 15.5 स्लॉट (थांबण्याचं छोटं माप) थांबावं लागतं, शेवटच्या पायरीला 511.5. स्लॉट 20 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तिथे एकट्या थांबण्यातच 10 मिलिसेकंद जातात. तेवढ्यात रांग वाढणारच. मोठा बफर (रांगेसाठीची जागा) असेल तर माझ्या मते हे गृहीतक सगळ्यांत कच्चं.

सरासरी थ्रूपुटला याचा फारसा धक्का बसेलच असं नाही, विलंबाला बसतो. तेव्हा रांगेची मोजणी होईपर्यंत विलंबाचा आलेख रिपोर्टात घालू नका. व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.