बीपीची गोळी मध्येच सोडणाऱ्या रुग्णांशी कसे बोलावे?

उपकेंद्रात गोळ्या मोफत मिळत असूनही गावातील रुग्ण दोन-तीन महिन्यांत त्या सोडून देतात, त्यांना कसे समजवावे, असे आपण विचारले आहे. वर्धा जिल्ह्यातील गावांत अशा रुग्णांसोबत बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, समजवण्याआधी विचारावे. गोळी सोडण्याचे कारण प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते कळल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जातो.

एका आजींचे बीपी तीन महिने १६०/१०० च्या खाली येत नव्हते. कार्डावर मात्र दर महिन्याला गोळ्या नेल्याची नोंद होती आणि "गोळी रोज घेता ना?" असे विचारले की त्या "हो" म्हणत. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि उरलेल्या गोळ्या दाखवायला सांगितल्या, तेव्हा त्यांनी फळीवरच्या डब्यातून अम्लोडिपिनच्या सहा पट्ट्या काढल्या, एकही गोळी न फोडलेल्या. डोके जड वाटेल त्याच दिवशी त्या गोळी घेत आणि एकादशी-चतुर्थीला उपवास म्हणून तीही घेत नसत. बीपी वाढलेले असताना बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. उपवासाला पाणी चालते, तर पाण्यासोबत गोळीही चालावी, हे त्यांनी स्वतःच ठरवले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना गोळी घ्यायची, म्हणून पट्टी काडेपेटीशेजारी ठेवायची, ही युक्तीही त्यांचीच.

मिठाबाबत "कमी खा" एवढेच सांगून काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवे. चार माणसांच्या घरात ५ ग्रॅमच्या हिशेबानेही एक किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा, आणि लोणचे, पापड, फरसाणातले मीठ धरले तर त्याहूनही जास्त. म्हणून मी पुडा फोडला त्या दिवसाची तारीख पेनाने त्यावर लिहायला सांगते. पुढच्या भेटीत सुनेने "पंचवीस दिवसांतच संपला" असे सांगितले, की कोणाला दोष न देता बोलणे सुरू होते. मग कणकेत मीठ घालायचे की नाही, जेवताना वरून घ्यायचे की नाही, यापैकी एकच गोष्ट त्या महिन्यापुरती ठरवावी. स्वयंपाक करणारी व्यक्ती त्या बोलण्यात नसेल, तर ते ठरवणे कागदावरच राहते.

निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीच्या गोळ्यांविषयी आवर्जून विचारा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढू शकते आणि मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते, पण दुकानातून आणलेली गोळी रुग्ण औषधात धरतच नाहीत. अम्लोडिपिनने पाय सुजले म्हणून कोणालाही न सांगता गोळी बंद करणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना डॉक्टरांकडे नेल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते.

मोजण्याबाबत थोडेच सांगते: रुग्ण शेतातून चालत आला असेल, नुकताच चहा घेतला असेल किंवा तोंडात खर्रा असेल, तर त्या आकड्यावरून त्याला बोल लावू नका. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि दोनदा मोजा.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातून सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली उपचारपद्धती, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि तारीख चुकवणाऱ्याला शोधून परत आणणे यांवर त्यात भर होता. यातले शेवटचे काम आशाताईंशिवाय होत नाही. तारीख चुकलेल्यांची यादी त्यांच्या हाती त्याच आठवड्यात द्या, कारण महिना उलटल्यावर रुग्णालाही यायला संकोच वाटतो.

त्या आजींचे बीपी दोन महिन्यांनी १३६/८४ झाले आणि त्यांनी लगेच विचारले, "आता बंद करू का?" आपले रुग्ण गोळी सोडतात ते बहुधा याच वळणावर. मी त्यांना विचारले, "कुंपण घातल्यापासून रानडुकरे वावरात आली नाहीत, म्हणून कुंपण काढाल का?" त्यांनी उत्तर दिले नाही, पण पुढच्या महिन्याच्या पट्ट्या मोजून पदरात बांधल्या.