गाडी स्वतः बांधायची हौस आहे पण गॅरेज नाही, 'माय समर कार' घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या गाड्यांचं वेड आहे, राहायला फ्लॅट आहे, पाने-बिने ठेवायला जागा नाही, कोणीतरी हा गेम सुचवला पण व्हिडिओतले ग्राफिक्स बघून मन मागे-पुढे होतंय. माझं उत्तर सरळ आहे, घ्या. ग्राफिक्स साधेच आहेत आणि त्याने काहीही फरक पडत नाही, दोन दिवसात तुमचं तिकडे लक्षसुद्धा जाणार नाही.

गोष्ट फिनलंडमधली आहे, साल १९९५, उन्हाळा. आईवडील फिरायला तेनेरिफे या स्पॅनिश बेटावर गेलेत, घरी एकटा पोरगा आणि गॅरेजमध्ये सुट्ट्या पार्टमध्ये पडलेली एक गाडी. गेममध्ये तिचं नाव सात्सुमा, पण ती बेतलीय डॅटसन १००ए वर, म्हणजे जपानी छोटी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, जी त्या काळी फिनलंडमध्ये भरपूर दिसायची. अमिसटेक गेम्स नावाचा छोटासा फिनिश स्टुडिओ आहे, त्यातला योहानेस रोयोला हाच मुख्य माणूस. गेम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अर्ली ॲक्सेसला (म्हणजे काम चालू असतानाच विक्रीला) आला आणि पूर्ण झाला थेट २०२५ च्या जानेवारीत, आठ वर्षांच्या वर एकाच गोष्टीमागे लागून राहिले आणि ते खेळताना जाणवतं हो.

आता गाडी बांधणं म्हणजे काय ते सांगतो, कारण बाकीच्या गेममध्ये बटण दाबलं की पार्ट बसतो, इथे तसं नाही. इथे पान्यांची पेटी उघडायची, बोल्ट बघून साईज ओळखायची, दहाचा पाना लागणार तिथे नऊचा लावलात तर बोल्ट हलत नाही, आणि बरोबर बसला की माऊसचं चाक फिरवून तो स्वतः आवळायचा, प्रत्येक बोल्ट, एकही सोडायचा नाही. क्रँकशाफ्ट, बेअरिंग, चार पिस्टन, हेड गॅस्केट, टायमिंग चेन लावायच्या आधी कॅमशाफ्टचा गिअर खुणेला जुळवायचा, मग टॅपेट सेटिंग, कार्बोरेटरचं मिक्श्चर, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग. कुठेही कोणी सांगत नाही की बाबा हे राहिलं. मला इंजिन उभं करायला तीन रात्री लागल्या, आणि चौथ्या रात्री चोक ओढून सेल्फ मारला तेव्हा आधी नुसतं घरघर, मग एकदा खोकली, मग धरली. माझ्या मामांकडे पद्मिनी होती, थंडीत सकाळी मामा चोक ओढून असेच कान लावून बसायचे आणि आम्ही पोरं मागे श्वास रोखून उभी, अगदी तीच धडधड मला एका फिनिश गॅरेजमध्ये झाली.

आणि चूक केलीत तर गेम लगेच बोलत नाही, नंतर बोलतो. झोप येत होती म्हणून मी एका चाकाचे बोल्ट घाईत अर्धवटच आवळले, दुसऱ्या दिवशी कच्च्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये असताना चाक निघून जंगलात गेलं. तिथून घरी चालत आलो, दोन्ही बाजूला झाडं आणि कानाशी डास, पण त्या दिवसापासून चाकाला हात लावला की मी चारही बोल्ट दोनदा बघतो. खऱ्या गॅरेजमध्ये पोरगा असाच शिकतो ना.

पैसे कमवायला कामं करावी लागतात, लोकांच्या मैल्याच्या टाक्या टँकरने उपसायच्या, ट्रॅक्टरने लाकडं पोचवायची. गावातलं तैमोचं दुकान रविवारी बंद असतं, म्हणून फॅन बेल्ट, खाणंपिणं आदल्या दिवशीच आणून ठेवा. भूक, तहान, झोप, ताण सगळं आहे, ताण उतरवायला सौना, म्हणजे गरम वाफेची खोली, आहे, आणि फिनलंडमध्ये सौना म्हणजे घराघरातली गोष्ट म्हणून तो इतका प्रेमाने केलाय. गाडी पास करायला इन्स्पेक्शन आहे, तिथे वॉर्निंग ट्रँगल (गाडी बंद पडली की रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण) नसला तरी नापास.

एक गोष्ट मला फार आवडते, गेमच्या फोल्डरमध्ये रेडिओ नावाचं फोल्डर असतं, त्यात आपली गाणी टाकता येतात. मी आईच्या कॅसेटमधली जुनी भावगीतं टाकलीत. तळ्याकाठच्या रस्त्यावर रात्रीसुद्धा उजेड असतो, खिडकीतून बर्चची झाडं जातात आणि रेडिओवर मराठी गाणं, हे मी शब्दात नीट सांगू शकत नाही.

स्टिअरिंग व्हील नसलं तरी चालतं, मी कीबोर्डवरच खेळतो, फक्त सुरुवातीला गाडी हळू घ्या. इतकं बारीक काम नको असेल आणि नुसता जुन्या गाडीचा प्रवास हवा असेल तर २०१८ चा जलॉपी हा गेम बघा, १९९० साल, पूर्व जर्मनीतून काकांना घेऊन तुर्कस्तानकडे निघायचं, गाडी ट्रॅबंट या पूर्व जर्मनीतल्या छोट्या गाडीसारखी. तो हळवा आहे आणि सोपा आहे, पण गाडी बांधायची हौस त्याने भागणार नाही, म्हणून तुम्हाला मी पहिलाच सांगीन.

आणि सेव्ह कुठे होतो ते शोधण्यात माझा अख्खा एक दिवस गेला होता म्हणून सांगून ठेवतो, टॉयलेटमध्ये. पहिल्यांदा गाडी बाहेर काढायच्या आधी तिथे जाऊन या.