गुलाब लावायला एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं पुरेत का, की माळ्यांच्या ऐकीव गोष्टींवरच विसंबावं लागतं?

‘ऐकीव’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. माझे वडील पुण्याजवळच्या एका नर्सरीत तीस वर्षं गुलाबाचे डोळे भरत होते, म्हणजे चांगल्या जातीचा डोळा रानटी खुंटावर बसवून कलमं करत होते. लिहिणं सहीपुरतं.

सासऱ्यांकडे डीन होल यांचं ‘अ बुक अबाउट रोझेस’ होतं, मूळ 1869चं. लेखक इंग्लंडातले पाद्री. 1858 मध्ये लंडनला पहिलं राष्ट्रीय गुलाबप्रदर्शन भरलं ते त्यांच्या खटपटीने, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. सासरे ते पोथीसारखं वाचायचे. लग्नाच्या वर्षी वडिलांनी आमच्या अंगणात बारा कलमं लावून दिली. पुढच्या ऑक्टोबरात छाटणीला आले, तर सासरे म्हणाले, “राहू द्या हो. छाटणी मार्चमध्ये करतात, यात दिलंय.” वडिलांनी कात्री पिशवीत टाकली आणि चहा न घेताच गेले.

मार्चमध्ये सासऱ्यांनी स्वतः छाटणी केली. काप सुरेख होते, खोटं कशाला बोलू: बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरपे. लालसर कोंब तरारले. सासरे शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. मग एप्रिलचं ऊन तापलं. कोवळ्या पानांच्या कडा विडीच्या टोकासारख्या जळाल्या, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. मेपर्यंत बारातली सात गेली. सासरे म्हणाले, खुंटच निकृष्ट होते. म्हणजे दोष कोणाचा, तर माझ्या बापाचा.

तिकडे हिवाळ्यात झाड झोपतं आणि कोवळी फूट हिमाने मरते, म्हणून थंडी सरताना छाटायचं. आपल्याकडे झाड झोपतच नाही. पावसाळ्यानंतर फांदी पक्व झालेली असते, पुढे थंडीचे महिने असतात, म्हणून दसऱ्याच्या आसपास छाटलं की सहा-सात आठवड्यांत फुलं येतात. वडिलांना हे ‘का’ सांगता आलं नसतं, पण ‘कधी’ ते चुकले नाहीत.

आणि गंमत म्हणजे त्याच पुस्तकात होल सांगतात, नॉटिंगहॅमच्या कामगारांनी त्यांना ईस्टरच्या सोमवारी गुलाबांच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं. एवढ्या लवकर स्वतःकडे एकही गुलाब नाही, मग यांच्याकडे कुठून असणार, कोणीतरी थट्टा करतंय असं त्यांना वाटलं. गेले तर खरंच उत्तम गुलाब. ही माणसं चिमुकल्या काचघरांत झाडं जपत होती आणि गारठ्यापासून वाचवायला स्वतःच्या अंथरुणातली पांघरुणं त्यांच्यावर घालत होती. पाद्रीबुवांना हे लिहायला कमीपणा वाटला नाही. सासऱ्यांनी हा भाग वाचला नसेल असं नाही. वाचून पुढे गेले असतील.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर वाचा की, पण कॅलेंडर बाजूला ठेवून. थॉमस रिव्हर्सचं 1837चं किंवा विल्यम पॉलचं 1848चं पुस्तक घेतलंत, तर जातींची प्रकरणं खुशाल सोडा. आपण लावतो ते बहुतेक ‘हायब्रिड टी’ या संकरित प्रकारातले, आणि त्यातला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ आला 1867 मध्ये. फर्मिंजर नावाच्या पाद्रींचं बागकामाचं पुस्तक निदान हिंदुस्थानातलं आहे, पण तेही बंगाल आणि उत्तरेसाठी. कोकणात किंवा सोलापुरात राहत असाल तर आधी गावातल्या नर्सरीत जाऊन एखाद्या म्हाताऱ्या माळ्यापाशी बसा. हातात वही ठेवा आणि त्याला अहोजाहो करा.

खताचं प्रकरण मात्र होल यांचंच वाचा. चांगलं मुरलेलं शेणखत यावर त्यांचा भर, आणि तिथे वडील व सासरे यांचं कधी वाजलं नाही. आणि हो, त्या काळच्या पुस्तकांत मावा या किडीवर तंबाखूचं पाणी सांगतात. ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका. उरलेली पाच झाडं अजून आहेत, त्याच ‘निकृष्ट’ खुंटांवर. छाटणी ऑक्टोबरात, मी करते.